लांबनं बगळ्याच्या घरट्यांचे फोटो: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

संक्रांत झाली की दरवर्षी मला मेसेज सुरू होतात, आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीकडनं, चिक्कोडीकडनं, खानापुरातनं, की आमच्या तळ्यावरच्या चिंचेवर मोठे बगळे काड्या न्यायलेत, कॅमेरा कुठला घेऊ, किती जवळ जाऊ. प्रत्येकाला तेच तेच लिहून देण्यापेक्षा एकदाच सगळं इथं लिहून ठेवतो. एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे: लांबनं काढलेला फोटो हा जवळ जाता आलं नाही म्हणून काढलेला फोटो नव्हे, घरट्याचा खरा फोटो तोच, कारण त्यात पक्षी आपल्याकडं न बघता आपलं काम करत असतो.

बगळे तर पावसाळ्यात घरटी करतात ना, मग आता वसंतात कुठले?

बरोबर आहे, पण ते दुसरे. गाय बगळा, लहान बगळा, ढोकरी हे आमच्याकडं मृगानंतर म्हणजे पावसाबरोबर घरटी धरतात, गावातल्या वडापिंपळावर, कधी बसस्टँडच्या झाडावर सुद्धा. इथं मी बोलतोय ते राखी बगळ्याबद्दल, तो उंच, करडा, डोळ्यामागनं काळी पट्टी जाऊन मागं लांब काळी शेंडी लोंबणारा. दक्षिणेत तो थंडीत आणि थंडी सरताना घरटी करतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्याच सुमाराला काही ठिकाणी चित्रबलाक म्हणजे रंगीत करकोचे पण त्याच झाडावर किंवा शेजारच्या झाडावर असतात. जांभळा बगळा दिसायला जवळचा वाटतो पण तो बहुतेक पाणकणसात, लव्हाळ्यात घरटं घालतो, त्यामुळं उंच झाडाच्या शेंड्यावर दिसला तर आधी राखी बगळाच समजा.

नक्की कुठल्या महिन्यात जायचं?

मी तारखांपेक्षा सणांवर लक्षात ठेवतो, सोपं पडतं. संक्रांतीच्या आसपास काड्या न्यायचं काम जोरात, शिवरात्रीच्या सुमाराला बऱ्याच घरट्यांत अंडी किंवा अगदी लहान पिल्लं, आणि पाडव्याच्या वेळी पिल्लं काठावर उभी राहून पंख झाडायला लागतात. हे काय पंचांग नव्हे, पाणी किती आहे, मासे किती आहेत त्यावर दोनतीन आठवडे इकडंतिकडं होतं, आणि एकाच झाडावर एका घरट्यात अंडी तर वरच्या फांदीवर मोठी पिल्लं असंही दिसतं. अंडी साधारण २५-२६ दिवस उबवतात, नर मादी दोघंही आळीपाळीनं बसतात, आणि पिल्लू बाहेर आल्यावर उडायला त्याला अजून ५० दिवसांच्या आसपास लागतात. म्हणजे एका घरट्याचा हिशेब धरला तरी अडीच महिने. एवढा वेळ हातात असताना पहिल्याच रविवारी झाडाखाली जाऊन उभं राहायची घाई कशाला.

किती लांब उभं राहायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं एका आकड्यात उत्तर मी देत नाही. मी स्वतः मोकळ्या शेतात, झाड आणि माझ्यामध्ये आडोसा नसेल तर दीडशे मीटरच्या आत जात नाही. रस्त्याकडेचं झाड असेल, खालनं दिवसभर ऊसाचे ट्रॅक्टर जात असतील, तर तिथले पक्षी माणसाला सरावलेले असतात, तिथं थोडं जवळनं चालतं. पण उलट कुठंतरी एकाकी तळ्याच्या बेटावर असेल तर दोनशे मीटर पण कमी पडतात.

आकडा नको, पक्षी बघा. घरट्यावर बसलेला बगळा मान आखडून, चोच छातीवर ठेवून निवांत असतो. तुम्ही जवळ जाताना एक जागा अशी येते की तो एकदम मान काठीसारखी सरळ ताणतो. तीच हद्द. तिथं थांबायचं सुद्धा नाही, दहावीस पावलं मागं यायचं आणि तो परत मान आत घेईपर्यंत खाली बसायचं. तो उठून उभा राहिला, शिटला, पिल्लांचा आवाज अचानक बंद झाला, म्हणजे तुम्ही हद्द कधीच ओलांडलेली आहे.

हे मी इतकं ठासून का सांगतोय ते पण सांगतो. पहिल्या वर्षी माझ्याकडं ३०० मिमीची लेन्स होती (आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), आणि ती कमी पडते म्हणून मी सकाळी साडेदहाला थेट झाडाखाली गेलो. पाच घरटी होती. एक बगळा उठला, त्याच्या मागनं दुसरा, आणि मी खूश होऊन उडतानाचे फोटो काढत बसलो. दोन मिनिटं सुद्धा झाली नसतील, कावळा आला आणि घरट्यातनं अंडं उचललं. थोड्या वेळानं पायाजवळ कवचाचा तुकडा पडला, फिकट निळसर हिरवा, आतनं ओला. ते फोटो मी कुणालाच दाखवले नाहीत पण तो तुकडा अजून डोळ्यासमोर आहे. कावळा, घार हे तिथंच टपून असतात, त्यांना फक्त घरटं उघडं पडायला पाहिजे असतं, आणि ते काम आपण करून देतो. वर आमच्याकडचं मार्चचं ऊन. आई किंवा बाप पंख अर्धे उघडून पिल्लांवर सावली धरून उभे असतात, ते उडाले की ती उघडी पिल्लं थेट उन्हात.

पण एवढ्या लांबनं पक्षी बारीक येतो की!

हिशेब करून बघूया. तुमच्याकडं क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) २४ मेगापिक्सेल कॅमेरा आणि ६०० मिमी लेन्स आहे असं धरा. दीडशे मीटरवर फ्रेममध्ये साधारण ६ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच एवढा भाग मावतो. राखी बगळा उभा राहिला तर जवळजवळ १ मीटर, म्हणजे फ्रेमच्या उंचीच्या पाव हिस्सा, पिक्सेलमध्ये हजाराच्या आसपास. मोबाईलवर बघायला, इन्स्टाला टाकायला हे भरपूर झालं. आणि ६ मीटरच्या फ्रेममध्ये काय काय बसतं बघा, घरटं, शेजारचं घरटं, खालची फांदी, त्यावर वाळत बसलेला पाणकावळा, मागं आभाळ. नुसतं डोकं आणि चोच भरलेले फोटो हजार आहेत, ते प्राणिसंग्रहालयात पण निघतात. ही बगळ्यांची वसाहत आमच्या कृष्णेच्या, घटप्रभेच्या, वेदगंगेच्या काठची आहे हे कशावरनं कळणार, मागचा ऊस, गुऱ्हाळाचा धूर, लांबचं देवळाचं शिखर दिसलं तरच ना.

कुठली लेन्स घेऊ? बजेट फार नाही.

सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० सेकंडहँड मिळते, बहुतेकजण तिच्यावरच सुरुवात करतात आणि ती पुरते. निकॉनवाल्यांना २००-५००, सोनीवाल्यांना २००-६००. तेवढं पण नको असेल तर निकॉनचा पी ९०० सारखा ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा, मोठ्या झूमचा) बघा, त्याचा झूम २००० मिमी इतका जातो, उडणारा पक्षी पकडायला तो जड जातो पण घरटं काय पळत नाही, सकाळच्या चांगल्या उजेडात ट्रायपॉडवर ठेवला तर सुंदर काम देतो. मित्राकडं स्पॉटिंग स्कोप म्हणजे एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण असेल तर त्याच्या भिंगाला मोबाईल लावून व्हिडिओ काढा. नुसत्या मोबाईलचा डिजिटल झूम मात्र वापरू नका, त्यापेक्षा झूम न करता सगळं झाड, पाणी, आणि वर ठिपक्यांसारखे बगळे असा फोटो घ्या. माझा सगळ्यात आवडता फोटो तसलाच आहे, मोबाईलवरचा.

ट्रायपॉड लागतोच काय?

चारचाकीतनं काढणार असाल तर नाही. घरात आईला सांगून जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवून घ्या, त्यात तीन-चार किलो शाळू भरा आणि खिडकीच्या काचेवर ठेवा, लेन्स हलत नाही. गाडी हीच सगळ्यात चांगली लपण आहे, पक्षी गाडीला माणसाएवढं घाबरत नाहीत, दार उघडून खाली उतरलात की घाबरतात. इंजिन बंद करा, नाहीतर थरथर येते. आणि थंडीच्या सकाळी काच खाली करून दहा मिनिटं नुसतं बसा, आतली गरम हवा बाहेर जाताना लेन्ससमोर हलते आणि फोटो मऊ येतो, मग लोक लेन्सला शिव्या देतात.

पायी गेलात तर ट्रायपॉड किंवा मोनोपॉड (एकाच पायाचा) घ्या. कपडे मातकट, पांढरा सदरा नको, पांढरी टोपी पण नको. झाडाकडं सरळ चालत जाऊ नका, बांधाबांधानं तिरकं तिरकं जा, मध्ये मध्ये थांबा, शेतात काम असल्यासारखं.

सेटिंग काय ठेवू?

मी मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ ठेवतो, म्हणजे शटर आणि ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) मी ठरवतो, उरलेला उजेडाचा हिशेब कॅमेरा बघतो. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० सेकंद पुरतं, काडी घेऊन येणाऱ्याला १/१६०० च्या खाली नको. ॲपर्चर लेन्सचा जेवढा उघडेल तेवढा, फार तर एक स्टॉप बंद (एक स्टॉप म्हणजे उजेड अर्धा किंवा दुप्पट). फोकस एकच पॉइंट, नाहीतर पुढच्या बारीक फांद्यांवर फोकस जाऊन बसतो आणि घरी आल्यावर कळतं. मागं उजळ आभाळ असलं की करडा पक्षी काळा पडतो, तेव्हा एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा. शेजारी पांढरे बगळे आणि त्यांच्यावर ऊन असेल तर उलट कमी करा, नाहीतर पिसांचा नुसता पांढरा डाग होतो. रॉमध्ये म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा.

झाडाच्या पूर्वेला उभं राहायचं, सकाळचा सूर्य आपल्या पाठीशी. आदल्या संध्याकाळी जाऊन ही जागा लांबनं बघून ठेवली तर पहाटे अंधारात धडपडावं लागत नाही.

साडेनऊ दहानंतर एकही फोटो शार्प येत नाही, लेन्स खराब आहे काय?

नाही, ती झळ आहे. नांगरलेली काळी रानं, वाळलेला ऊसाचा पाला, डांबरी रस्ता तापायला लागला की त्यावरची हवा लाटांसारखी हलते आणि दीडशे मीटरच्या त्या हवेतनं बघताना कुठलीच लेन्स चालत नाही, दहा लाखाची सुद्धा. उपाय एकच, लवकर जायचं. पाण्यावरनं किंवा हिरव्या पिकावरनं शूट केलं तर अर्धा पाऊण तास जास्त मिळतो. नंतर कॅमेरा बॅगेत टाका आणि दुर्बिणीनं नुसतं बघा.

नुसतं बसलेल्या पक्ष्याचे किती फोटो काढणार? दुसरं काय टिपायचं?

इथंच खरी मजा आहे. काडी देण्याचा प्रसंग बघा. नर बहुतेक काड्या आणतो आणि मादी घरट्यावर राहून त्या रचते. तो लांबनं येताना दिसतो, संथ पंख मारत, मान एसच्या आकारात मागं घेतलेली, चोचीत हातभर लांब वाळकी काटकी. फांदीवर उतरताना पाय खाली सोडतो, मान एकदम लांब करतो, शेंडीची पिसं उभी राहतात. मादी उठते, दोघांच्या चोची त्याच एका काडीला धरलेल्या असतात, एक क्षण कुणीच सोडत नाही. मग तो सोडतो, आणि ती काडी घरट्यात खोचते, नाही बसली म्हणून काढते, फिरवते, परत खोचते, तीन तीन चार चार वेळा. तो शेजारी उभा राहून बघत असतो. या दिवसांत त्यांची एरवीची पिवळट चोच केशरी गुलाबी झालेली असते, सकाळच्या उन्हात ती पेटल्यासारखी दिसते, हा रंग थोडेच आठवडे टिकतो.

दुसरं, पाळी बदलताना. एकजण येतो, दुसरा उठतो, दोघं मान वर करून आवाज करतात, मग नवा हळूच पाय टाकत अंड्यांवर बसतो. तिसरं, पिल्लं जरा मोठी झाली की भरवणं. पिल्लू आईची चोच आडवी पकडून खाली ओढतं आणि तिच्या घशातनं मासा बाहेर येतो. बघायला थोडं अंगावर येतं. पिल्लांची टक टक टक टक अशी भुकेची रट दीडशे मीटरवर सुद्धा ऐकू येते, आवाज वाढला की समजायचं कोणतरी येतंय, बोट शटरवर ठेवायचं. मला व्ह्यूफाइंडरपेक्षा कानानंच जास्त फोटो मिळालेत.

एक जड गोष्ट पण दिसेल. अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, त्यामुळं शेवटचं पिल्लू सगळ्यात लहान राहतं आणि मासे कमी पडले तर तेच आधी जातं. तिथं आपण काही करायचं नसतं.

टाळ्या वाजवून उडवले तर उडतानाचा फोटो मिळेल ना?

असं करू नका. कुणी करताना दिसलं तर त्याला तिथल्या तिथं थांबवा, ओळखीचा असला तरी. मोठी पिल्लं घाबरली की खाल्लेलं सगळं ओकून टाकतात, घरट्याच्या काठावरनं खाली पण पडतात.

ड्रोन?

नाही. घरट्यावर तर अजिबातच नाही. शिवाय बेळगावला सांबऱ्याला विमानतळ आहे, एअरफोर्स आहे, शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचा कॅम्प आहे, त्या भागात ड्रोन उडवला तर पक्ष्यांआधी तुम्हालाच त्रास होईल. फ्लॅश पण नको, संध्याकाळी सुद्धा नको.

परवानगी लागते काय? कायदा काय म्हणतो?

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा संपूर्ण देशात लागू आहे आणि त्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं येतं. म्हणजे बंदूक लागत नाही, उत्साहाच्या भरात घरटं हलवलं तरी ते त्यात बसतं. गोकाक तालुक्यात धुपदाळला घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे, १९७४ पासूनचं, सुमारे ३० चौरस किलोमीटर, तिथं जाताना वनखात्याला विचारूनच जा. मिरज बेळगाव लाइनवर घटप्रभा स्टेशन आहे, रेल्वेनं पण जाता येतं.

खाजगी शेत असेल तर मालकाला विचारायचं, हे कायद्याच्या पण आधीचं. आमच्या भागात अर्धी माणसं मराठी बोलतात, अर्धी कन्नड, बरीच दोन्ही. कन्नडमधली दोन वाक्यं आली तर काम सोपं होतं. पक्षी म्हणजे हक्की, घरटं म्हणजे गूडु. ‘दूरिंद फोटो तगीतीव्री’, म्हणजे लांबनं फोटो काढतो, एवढं म्हणालात की समोरचा हसतो, आणि बहुतेकवेळा स्वतःच सांगायला लागतो की आजोबांच्या काळापासनं हे पक्षी इथं येतात. घरी आल्यावर एक चांगला प्रिंट काढून त्याला नेऊन द्या. मी एका काकांना तसा फ्रेम करून दिला, तो त्यांनी सोप्यात देवाच्या फोटोशेजारी लावला, आणि पुढच्या वर्षी ते झाड विकायचा विषय निघाला तर तेच आडवे पडले.

झाड नक्की कुठं आहे, लोकेशन पाठवा ना.

नाही पाठवणार, राग मानू नका. एकदा लोकेशन ग्रुपवर पडलं की पुढच्या रविवारी वीस गाड्या. तुम्ही पण फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा, तालुका लिहा फार तर. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, नोंद जरूर करा, घरट्यात पिल्लं आहेत वगैरे त्यात लिहिता येतं, पण जागा थोडी मोघम ठेवा. आणि खरं सांगू, आपलं झाड आपणच शोधायचं. सकाळी मोठा करडा बगळा चोचीत काडी किंवा पोटात मासे घेऊन एकाच दिशेला जाताना तीनचारदा दिसला की त्या दिशेला लांबनं दुर्बीण लावा. झाडाचा शेंडा चुना मारल्यासारखा पांढरा दिसतो, वाऱ्याच्या बाजूला मासळीचा वास येतो. चिंच, वड, बाभूळ, निलगिरी, पाण्याजवळचं काहीही उंच चालतं.

गावात बगळे नकोत म्हणतात, घाण होते म्हणून. काय सांगायचं?

घाण होते हे खरं आहे, ज्याच्या अंगणात झाड आहे त्याला नावं ठेवू नका. मी मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करे बेळ्ळूरचं उदाहरण देतो. तिथं गावातल्या चिंचांवर चित्रबलाक आणि झोळीवाले पक्षी म्हणजे पेलिकन पिढ्यानपिढ्या घरटी करतात, लोकांनी त्यांना सांभाळलंय, आणि त्यांची शीट खत म्हणून शेताला घालतात. आपल्याकडं पण खाली जुना ताडपत्रीचा तुकडा अंथरून ते जमा केलेलं मी बघितलंय. झाड तोडायचंच म्हणत असतील तर कर्नाटकात त्याला १९७६ चा वृक्ष कायदा आहे, बऱ्याच झाडांना परवानगी लागते, निदान पिल्लं उडेपर्यंत थांबा एवढी विनंती करा. दोन महिने थांबायला बहुतेकजण तयार होतात.

जत्रेचं दारूकाम मात्र मला दरवर्षी छळतं. एका गावात झाडापासनं शंभर पावलांवर रात्री आतषबाजी झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी घरटी मोकळी. त्यानंतर आम्ही तिघंचौघं जत्रेच्या आधी पंचांना जाऊन भेटलो, फटाके गावाच्या दुसऱ्या टोकाला नेता येतील काय विचारलं. त्यांनी नेले. आधी कुणी विचारलंच नव्हतं.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर?

आधी लांबनं बघा. मोठं पिल्लू असेल तर ते फांद्यांवरनं चोचीनं पायानं धडपडत परत चढायचा प्रयत्न करतं. कुत्री हाकला, माणसं हाकला, वनखात्याला कळवा. हातात घेऊन सेल्फी काढू नका, आणि तोंड जवळ नेऊ नका, बगळा घाबरला की सरळ डोळ्यावर चोच मारतो.

ग्रुप घेऊन आलो तर चालेल काय?

चार माणसं, एक गाडी. त्यावर नको.

एका दिवसात चांगला फोटो मिळेल?

मिळेल पण कदाचित. त्याच झाडाला, त्याच जागेवरनं, दर आठवड्याला एकदा जा, असे आठ दहा फेरे. तीच फांदी, तीच चौकट, आधी नुसत्या काड्या, मग बसलेली पाठ, मग तीन केसाळ डोकी, मग काठावर उभी राहिलेली तिघं किंवा दोघं. बेळगावातनं मी पाचला निघतो, थर्मासमध्ये चहा, डब्यात भाकरी आणि शेंगाची चटणी, उजाडायच्या आधी गाडी लावून काच खाली. फेब्रुवारीत नदीवर धुई असते, झाड दिसत नाही, नुसती टक टक ऐकू येते. मग सातच्या सुमाराला धुई वर सरकायला लागते आणि आधी शेंडा दिसतो, त्यावर उभा एकजण. पहिला फोटो तोच घ्या.